गाभ्यातले नातेवाईक

अण्णांच्या घरात जिन्याखाली एक कपाट होतं आणि त्या कपाटात एक संगणक होता. कपाटाला कुलूप नव्हतं. अण्णांची खुर्ची दिवसभर त्या दाराला टेकलेली असायची आणि खुर्चीत अण्णा असायचे, त्यामुळे कुलपाची गरज कधी पडली नाही. धूळ पुसायला म्हणून कुणी फडकं घेऊन आलं तरी अण्णा म्हणायचे, राहू दे, त्याला माझ्या हाताची सवय आहे. संगणकाला कधी कुणाच्या हाताची सवय लागते का? पण हे अण्णांना सांगणार कोण, आणि सांगून ते ऐकणार कधी.

या संगणकाच्या जिवावर पुढच्या खोलीतलं विणकामाचं यंत्र चालायचं. चांगलं पलंगाएवढं लांब यंत्र. सुयांची एक रांग, तिच्यावरून इकडून तिकडे धावणारा गाडा, आणि खाली विणलेलं कापड हळूहळू ओढून घेणारा रूळ. अण्णांची बायको त्यावर शाळेतल्या मुलांचे स्वेटर विणायची आणि मुलगा ते दुकानादुकानांत नेऊन खपवायचा. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. नव्या संगणकांना त्या यंत्राची भाषा येत नव्हती, आणि यंत्राला नवीन काही शिकायची इच्छा नव्हती. मग अण्णांनी निवृत्त झाल्या झाल्या स्वतः बसून एक दुभाषा लिहिला.

दुभाषा म्हणजे काय, तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो. जाणकार त्याला कर्नल म्हणतात, अण्णा गाभा म्हणायचे. या गाभ्याला जगातल्या सगळ्या यंत्रांच्या भाषा कुठून येणार? म्हणून ज्या यंत्राशी बोलायचं त्याच्या भाषेचा एक तुकडा बाहेरून आणून त्याला जोडायचा. हवा तेव्हा जोडा, नको तेव्हा काढा. या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. अण्णांच्या मॉड्यूलचं नाव होतं ‘विणकर’.

आता यंत्र जुनं, म्हणजे त्याच्या तक्रारीही माणसासारख्याच. आज गाडा अडकतो, उद्या सुई पुढे जाते. बायको पुढच्या खोलीतून हाक मारायची, "अहो, जरा बघता का?" आणि अण्णा कपाटात शिरून विणकरचा कुठला तरी आकडा थोडा इकडे नाहीतर तिकडे करायचे. यंत्र पुन्हा गुमान चालू लागायचं. हे आकडे ते चालू गाभ्यातच बदलायचे. कुठल्या फायलीत लिहून ठेवणं वगैरे भानगड नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, हा त्यांचा शास्त्राधार. संगणक तर कितीतरी वर्षांत बंदच झाला नव्हता. मधे वीज जायची, पण खाली यूपीएस होता, तो तेवढ्यापुरतं निभावून न्यायचा.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते अण्णांच्या मनातच होतं. हिशेब मुलाकडे गेला होता. नमुने बायकोच ठरवायची. बाजारहाटालाही हल्ली अण्णांना कुणी पाठवत नसे, कारण ते भाजीवाल्याशी वाद घालून हात हलवत परत यायचे. राहता राहिली ती एक हाक. जरा बघता का. दिवसातून ती एकदा कानावर आली की अण्णांचा दिवस सोन्याचा. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ही मूठ उघडली तर आत काय उरेल याची त्यांना मनातून भीती वाटत होती.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना वायरमन आला.

घराची वायरिंग जुनी झाली होती, ती बदलायची ठरली होती. वायरमननं सगळीकडे बोटं फिरवून पाहिली, चुकचुकला, आणि म्हणाला की उद्या दुपारभर सगळ्या घराची वीज बंद ठेवावी लागेल. यूपीएस किती वेळ चालतो, त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, भरपूर. बायको म्हणाली, चहाचं आधण येईपर्यंत.

चहाच्या टेबलावर मग तो विषय निघालाच. अण्णांची सून वर्षभरापूर्वी या घरात आली होती. एका कंपनीचे संगणक सांभाळायचं तिचं काम, तेही घरातूनच, वरच्या खोलीत बसून. मुलगी शांत. या घरात सगळे एकाच वेळी बोलायचे, तेव्हा ती कुणाचं ऐकावं ते ठरवत बसायची. तिनं हळूच विचारलं की अण्णा, विणकरचे आकडे कुठे लिहिलेले आहेत का? कारण वीज गेली की गाभ्यातलं सगळं जाणार. परत आल्यावर विणकर फायलीतून नव्यानं जोडला जाईल, आणि फायलीत असतील ते पहिल्या दिवसाचे आकडे.

"माझ्या डोक्यात आहेत," अण्णा म्हणाले.

बायकोनं कप खाली ठेवला. तुमच्या डोक्यात काय काय आहे ते मला सांगू नका, ती म्हणाली. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होतात. आठवड्याच्या शेवटी शाळेचे स्वेटर द्यायचेत, आणि यंत्र बसलं तर मुलांच्या अंगात मी काय घालू, तुमचं डोकं?

सून म्हणाली की आकडे आठवायची गरजच नाही. गाभ्याला विचारलं तर तो स्वतःच सांगेल. कुठकुठले मॉड्यूल जोडलेले आहेत, कोण कुणाला धरून बसलंय, कुणाचा कुठला आकडा सध्या किती आहे, हे सगळं त्याला विचारता येतं. फक्त अण्णांनी बसू दिलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य ती कपाकडे बघून बोलली.

अण्णांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. नाही म्हणावं तर यंत्र बसणार, हो म्हणावं तर मूठ उघडणार. शेवटी ते उठले, खुर्ची बाजूला केली, आणि पासवर्ड टाकताना कळफलकावर असे ओणवे झाले, जणू कुणी त्यांच्या ताटातलं उचलून नेणार होतं. सुनेनं तेवढा वेळ सभ्यपणे भिंतीकडे पाहिलं.

मग ती बसली आणि गाभ्याला विचारू लागली. आधी, कोण कोण जोडलेलं आहे? पडद्यावर भराभर नावं आली. आवाजाचा मॉड्यूल, पडद्याचा, कळफलकाचा, आणि मधेच विणकर. त्याच्यापुढे वापराचा आकडा होता एक.

"याला सध्या कुणीतरी एक जण धरून बसलंय," सून म्हणाली.

"ती तुझी सासू," अण्णा म्हणाले. पुढच्या खोलीत यंत्र खडखडत होतं, त्याअर्थी बरोबरच होतं.

मग सुनेनं विचारलं, विणकरचे आकडे कुठले आणि किती? गाभ्यानं मुकाट्यानं सांगितलं. अण्णांनी इतकी वर्षं ज्याच्यापुढे छाती काढून पहारा दिला, त्यानं पहिल्या प्रश्नाला सगळं ओकून टाकलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या. अक्षरं इंग्रजी, पण माणसं घरचीच. मेहुणा एकशे वीस. आत्या चाळीस. वहिनी साठ. धाकटा उणे तीन. साडू एक. घरधनीण एक.

सून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं अण्णांकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिनं ते आवरलं.

"अण्णा, हे लोक कोण आहेत?"

आता अण्णांची कळी खुलली. इतकी वर्षं ही गंमत त्यांनी एकट्यानंच चाखली होती, कुणाला सांगायची सोय नव्हती. ते सांगू लागले. मेहुणा म्हणजे गाडा डाव्या टोकाला गेल्यावर परत फिरण्याआधी किती थांबायचं, तो वेळ. मेहुणा आयुष्यात कुठेही वेळेवर आलेला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा. आत्या म्हणजे लोकरीच्या धाग्याचा ताण. ती घरात पाऊल टाकायची आणि सगळे ताणले जायचे. वहिनी म्हणजे मोटरीला दम खायला देण्याआधी सलग किती ओळी विणायच्या, कारण वहिनी एकदा बोलायला लागली की मधे श्वास घेत नाही. धाकटा म्हणजे अर्थातच सुनेचा नवरा. सांगायच्या आधीच उडी मारायची खोड. गाडा उजवीकडून येताना सुया जरा लवकर उचलल्या जातात, त्यांना तीन पावलं मागे ओढायचं, म्हणून उणे तीन.

"हे मात्र पटलं," सून म्हणाली. "आणि साडू?"

अण्णांनी मान हलवली. साडू काय करतो ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. लिहिताना कशासाठी तरी घातला असणार. काहीच करत नाही, पण काढला की सगळं बंद पडतं. आणि घरधनीण? ती एक असेल तरच यंत्र चालतं, शून्य केली की काही हलत नाही. हे सांगताना अण्णांनी आवाज खाली घेतला आणि पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिला यातलं काही बोलू नकोस, ते म्हणाले.

सुनेनं सगळे आकडे उतरवून आपल्या संगणकात नीट ठेवले. झालं, ती म्हणाली, आता खुशाल वीज जाऊ दे. अण्णाही हो म्हणाले. पण ती वर निघून गेल्यावर ते त्या खुर्चीत बसून राहिले आणि त्यांना फार रिकामं रिकामं वाटलं. सगळं बाहेर गेलं होतं. एवढासा वेळ लागला. हाक आता वरच्या खोलीकडे जाणार, हे त्यांना दिसतच होतं. सुनेचा राग येत नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. राग आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वायरमननं वीज तोडली, यूपीएस थोडा वेळ कुईकुई करून गप्प झाला, आणि संगणक कितीतरी वर्षांनी बंद पडला. दुपार कलताना वीज परत आली. सुनेनं संगणक सुरू केला, विणकर जोडला, सहाच्या सहा आकडे भरले. यावेळी अण्णा तिच्या मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. तिनं आवाज दिला आणि बायकोनं यंत्र सुरू केलं.

गाडा निघाला. डावीकडे मेहुण्याइतका थांबला, परत फिरला, आत्यानं धागा ताणला, सगळं कसं ठरल्याप्रमाणे. चार ओळी झाल्या असतील नसतील, खालून तट् असा आवाज आला. मग पुन्हा तट्, तट्. टाके तुटत होते. बायकोनं यंत्र थांबवलं आणि कापड वर धरलं. त्याला उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं पडली होती.

सुनेनं आकडे पुन्हा तपासले. बरोबर. पुन्हा भरले, पुन्हा चालवलं. पुन्हा तट्.

आणि खरं सांगायचं तर अण्णांना आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. माणूस चांगला होता, पण त्या क्षणी त्यांच्या मनात आलं, बघा, नाही ना जमलं. गाभ्याला विचारलंत, सगळं कागदासारखं उतरवून घेतलंत, आणि तरी अडलंच ना तुमचं घोडं? आता येईल हाक. ते हाकेची वाट बघत उभे राहिले. आवाज कसला आहे हे त्यांना पहिल्या तट् ला कळलं होतं. कापड ओढणारा खालचा रूळ फार जोरानं ओढत होता. त्या ओढीला एक आकडा होता, आणि तो गाभ्यानं सुनेला सांगितलेल्या सहांत नव्हता. इतक्या वर्षांत अण्णा तो साफ विसरून गेले होते, आत्ता त्या आवाजानं आठवला.

हाक आली नाही. बायको यंत्राजवळून म्हणाली, "आज चालू होईल ना गं?" आणि सून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलंय, आई. तुमचे स्वेटर वेळेवर होतील, मी बघते." तिचे कान लाल झाले होते. वर्षभर या घरात ती जपून वावरली होती, कुणाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता, आणि पहिल्यांदा लावला तो असा. अण्णांचा आनंद जरा आंबट झाला. तरी ते बोलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसला प्रकार.

सून मग स्वतःशीच पुटपुटली की काल आपण फक्त चालू गाभ्याला विचारलं, फायलीला विचारलंच नाही. आकडे चालूचे हवे होते म्हणून. तिनं फायलीला विचारलं. फाइल म्हणजे जन्मपत्रिका, तिच्यात आज काय चाललंय ते नसतं, पण जन्मताना कोण कोण होतं ते असतं. तिथे सहा नव्हे, सात नावं निघाली. प्रत्येकापुढे अण्णांनी लिहिलेली एकेक ओळ. मेहुणा, उशिरा येतो. आत्या, ताणते. आणि सगळ्यांत शेवटी, अण्णा, खाली ओढतो.

सुनेनं ते वाचलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बायको हात पुसत कपाटाकडे येत होती, तेव्हा सुनेनं पडदा किंचित भिंतीकडे फिरवला आणि म्हणाली, "आई, जरा चहा टाकता? मग बघू."

बायको गेली. अण्णा तसेच उभे होते. तिनं पडदा फिरवलेला त्यांनी पाहिला होता. आपल्या सासूसमोर सासऱ्याची फजिती होऊ नये म्हणून या पोरीनं चूक स्वतःकडे ठेवली, आणि आपण मात्र तिची फजिती उभ्यानं बघत होतो. अण्णांना स्वतःची लाज वाटली. चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

"तो मीच आहे," ते म्हणाले. "घरच्या सगळ्यांची नावं घातली, मग स्वतःचं घातलं नाही तर बरं दिसलं नसतं. पण स्वतःचं चारचौघांत दाखवायला लाज वाटली. म्हणून तो झाकलेला आहे. गाभ्याला सांगून ठेवलंय, हा आकडा कुणी विचारला तरी सांगायचा नाही."

झाकायचं म्हणजे लिहिताना त्या नावापुढे एक शून्य टाकायचं, एवढंच. पण झाकलेला आकडा चालू गाभ्यात बदलताही येत नाही. विणकर जोडतानाच तो हातानं द्यावा लागतो. शेवटचं जोडताना अण्णांनी कुठला तरी दिला होता. किती, ते देवालाही आठवत नव्हतं. आता विणकरनं फायलीतला पहिला आकडा घेतला होता, नऊ. यंत्र एवढं थकलं नव्हतं, लोकर जाड होती आणि अण्णाही जोरात होते, तेव्हाचा तो नऊ.

"मग आता करून बघू," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "किती देऊ?"

अण्णांना कुणास ठाऊक काय झालं. लाज होती, थोडा रुसवाही होता. "शून्य कर," ते म्हणाले. "एकदाचं सोडून दे. कशाला कुणी खाली ओढायला हवंय."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं विणकर काढायला सांगितला, तर गाभा म्हणाला नाही, तो कामात आहे. यंत्राचा प्रोग्रॅम पुढच्या खोलीत उघडाच राहिला होता. सासूबाईंना विनंती करून तो बंद करवला, मग विणकर उठला. शून्य सांगून त्याला पुन्हा आत घेतला, बाकीचे नातेवाईक जागच्या जागी बसवले. बायकोनं चहाचं पातेलं झाकलं आणि येऊन यंत्र सुरू केलं.

टाके तुटले नाहीत. पण कापड खाली जाईचना. विणलेली ओळ सुयांपाशीच घुटमळली, दुसरी तिच्यावर चढली, तिसरी दोघींच्या डोक्यावर. बघता बघता सगळ्याचा गोळा झाला आणि गाडा त्यात रुतून घुरघुरला. बायकोनं घाईनं यंत्र थांबवलं. तिला आकड्यांची नावं माहीत नव्हती, झाकलेला कोण आणि उघडा कोण तेही माहीत नव्हतं. ती आपल्या कामाचं बोलत होती, तेही तिथूनच, मोठ्यानं, गोळा सोडवता सोडवता.

"अहो, असं अगदी सोडून नका देऊ. थोडी ओढ लागतेच. खाली कुणी धरलेलं नसेल तर टाके बसायचे कशाच्या आधारावर? जास्त नको, बेताची ठेवा. पण ठेवा."

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता. सुनेनं तेवढा वेळ पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं.

मग त्यांनी चार ठेवून बघितला, थोडे टाके तुटले. एकला कापड सैल पडलं. दोनला यंत्र असं चालू लागलं की बायकोनं काही म्हणायच्या ऐवजी गुणगुणायला सुरुवात केली. या घरात याहून मोठी पावती नव्हती. चहा मात्र तोवर निवला होता, तो तिनं परत गरम करून आणून दिला. कपाटात मान घालून तिनं पडदा पाहिला, आणि त्यावर आत्याचं नाव वाचून ती थबकली. मग तिनं सगळीच नावं वाचली. वाचता वाचता तिला एवढं हसू आलं की तिनं दाराचा आधार घेतला. स्वतःच्या नावापाशी आल्यावर मात्र तिनं अण्णांकडे रोखून पाहिलं.

"मी एकच का?"

अण्णा म्हणाले, एकच असते. बायकोनं त्यावर जरा विचार केला आणि राग न धरता पुढच्या खोलीत गेली.

सुनेनं विचारलं की अण्णांना झाकणारं ते शून्य काढू का? अण्णा म्हणाले, काढ. तिनं ते काढलं, विणकर नव्यानं बांधला, जोडला, आणि गाभ्याला पुन्हा तोच कालचा प्रश्न विचारला. मेहुणा एकशे वीस, आत्या चाळीस, वहिनी साठ, धाकटा उणे तीन, साडू एक, घरधनीण एक. आणि त्यांच्याखाली, सगळ्यांच्यात बसून, अण्णा दोन. अण्णांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"आता हे सगळं फायलीत लिहून टाकते," सून म्हणाली. "म्हणजे उद्या वीज गेली तरी चिंता नको."

"लिही," अण्णा म्हणाले. मग जे कालपासून घशाशी आलं होतं ते बाहेर पडलं. "तेवढं झालं की मग माझं काम काय उरलं?"

सुनेचे हात थांबले. ती खुर्चीतच त्यांच्याकडे वळली.

"अण्णा, गाभ्यानं मला आत्या चाळीस आहे एवढंच सांगितलं. चाळीसच का, ते त्याला कुठे माहीत आहे? उद्या लोकर बदलली, पट्टा घासला, तर कुणाला किती समजवायचं हे मी त्याला विचारून काय उपयोग? ही माणसं तुमची आहेत. मी तर यातल्या निम्म्यांना लग्नात एकदाच भेटलेय."

अण्णांना एकदम भरून आलं. एवढं सरळ त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी तरी कधी सरळ विचारलं होतं? ते जिन्याच्या पायरीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले, घसा साफ केला. सुनेनं फाइल उघडली आणि लिहायला तयार झाली. कुणापासून सुरुवात करायची, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आत्यापासून.

मग अण्णांनी सांगायला घेतलं की आधी आत्या पंचवीस होती, आणि एका थंडीत असं झालं की… पुढच्या खोलीतून खडखडाटावरून बायकोचा आवाज आला, खरं तेवढंच सांगा म्हणून. अण्णांनी सगळं खरंच सांगितलं, थोडं वाढवून.